शेवटचं वर्ष, पहिली नोकरी: मुंबईतल्या इंजिनिअरिंगच्या मुलामुलींसाठी

प्लेसमेंटचा मोसम उघडतो तो ऐन पावसात. जुलै-ऑगस्टमध्ये सातवं सेमिस्टर सुरू होतं, कुठे ना कुठे रुळांवर पाणी आलेलं असतं, आणि त्याच आठवड्यांत त्या वर्षीच्या सगळ्यात चांगल्या पगाराच्या कंपन्या कॉलेजात येऊन जातात. दिवाळीनंतर येणाऱ्या कंपन्या वाईट नसतात, पण तोवर निवडीला वाव कमी उरतो. म्हणून 'शेवटच्या वर्षाला बघू' म्हणणाऱ्याच्या हातात तयारीसाठी खरं तर काहीच दिवस नसतात. खरी मुदत सहाव्या सेमिस्टरच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीबरोबर संपते. पुढचं सगळं त्या हिशेबाने वाचा.

मी फ्रेशर्सच्या मुलाखती घेतो. ज्यांच्या घरात याआधी कुणी इंजिनिअर झालेलं नाही आणि ज्यांचं कॉलेज माटुंगा-पवईच्या नामवंत यादीत नाही, त्यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे. व्हीजेटीआय किंवा आयआयटीतल्या मुलांना यातलं बरंचसं सिनिअर्सकडून आपोआप कळतं.

आधी कागद घ्या

'मनासारखी नोकरी' म्हणजे काय, ते तिसऱ्या वर्षातच लिहून काढा: रोज काय काम करायला आवडेल, कुठे आणि किती पगारावर. याच क्रमाने लिहा. बहुतेक जण पगारापासून सुरुवात करतात, कारण शेजारच्या काकूंना तेवढंच कळतं. पण पहिल्या दोन वर्षांत तुम्ही कोणतं काम केलं यावर दुसरी नोकरी ठरते. पगाराची कसर तिथे भरून निघते, चुकीच्या कामाची मात्र सहज निघत नाही.

जागेचं म्हणाल तर मुंबईत प्रत्येक प्रकारच्या कामाचा पत्ता जवळजवळ ठरलेला आहे. परदेशी बँकांची तंत्रज्ञान केंद्रं बीकेसी, पवई, गोरेगाव पट्ट्यात. आयटी सेवा कंपन्यांचे मोठे कॅम्पस ऐरोली, घणसोली, पवई, सीप्झकडे. कारखानदारी आता ठाणे-बेलापूर रस्ता, तळोजा, अंबरनाथ या बाजूला. रिफायनऱ्या माहुलला, गोदी माझगावला, अणुऊर्जा ट्रॉम्बे-अणुशक्तिनगरला. डोंबिवलीच्या मुलाला ऐरोली म्हणजे ठाण्याला एकदा गाडी बदलणं; विरारच्या मुलीला तीच नोकरी दिवसाचे चार तास खाते. शिकायला वेळ उरणार की नाही, हा प्रश्न त्या चार तासांत दडलेला आहे, म्हणून प्रवास हा निकष लिहायला लाजू नका.

कागदाच्या मागच्या बाजूला ज्यांना नाही म्हणाल अशा नोकऱ्यांचे प्रकार लिहा. याचा उपयोग लगेच पुढच्या पायरीवर आहे.

कॉलेजचे नियम, शब्दन् शब्द

टीपीओच्या, म्हणजे कॉलेजात प्लेसमेंट बघणाऱ्या अधिकाऱ्याच्या, ऑफिसातून प्लेसमेंट पॉलिसीचा कागद मागून घ्या. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या ऐकीव माहितीवर जाऊ नका. बऱ्याच कॉलेजांत 'एक विद्यार्थी, एक ऑफर' असा नियम असतो: एकदा निवड झाली की पुढच्या कंपन्यांना बसता येत नाही. त्याला अपवाद असतो तो 'ड्रीम' कंपनीचा. ठरावीक पॅकेजच्या वरची कंपनी आली, तर आधीची ऑफर हातात असतानाही बसू देतात. ही रेषा किती लाखांवर आहे, ड्रीमची संधी एकदाच मिळते की जास्त वेळा, आणि नाव नोंदवून न गेल्यास किती कंपन्यांसाठी बंदी घालतात, हे प्रत्येक कॉलेजात वेगळं असतं.

अडचण अशी की रेषा पॅकेजवर ओढलेली असते, कामावर नाही. मेकॅनिकलची मुलगी ऑगस्टमध्ये एका आयटी सेवा कंपनीत निवडली जाते आणि सप्टेंबरात तिला हवी असलेली डिझाइनची कंपनी साधारण तेवढ्याच पॅकेजवर येते. नियमाप्रमाणे ती बसूच शकत नाही. हे दर वर्षी कुणाच्या तरी वाट्याला येतं. तर मग मास रिक्रूटरला, म्हणजे एकदम शेकड्यांनी मुलं घेणाऱ्या अशा कंपनीला, बसायचं की नाही? माझं मत विचाराल तर घरात पगाराची गरज असेल, किंवा शैक्षणिक कर्जाचा हप्ता सुरू होणार असेल, तर बसा. ती ऑफर म्हणजे पायाखालची जमीन आहे. तसं ओझं नसेल आणि तुमच्या यादीतल्या दोन-तीन कंपन्या दर वर्षी न चुकता येत असतील, तर थोडं थांबण्यात शहाणपण आहे. कोणत्या कंपन्या कोणत्या महिन्यात येतात, ते मागच्या दोन वर्षांच्या यादीवरून कळतं. ती यादी टीपीओकडे असते आणि आश्चर्य म्हणजे फार कमी मुलं मागतात.

इंटर्नशिपची निवड याहून आधी, तिसऱ्या वर्षातच होते. तिथून थेट नोकरीची ऑफर, म्हणजे पीपीओ मिळाला तर जुलैची धावपळच टळते.

केटी आणि सीजीपीआय

केटी म्हणजे नापास होऊन राहिलेला विषय, सीजीपीआय म्हणजे सगळ्या सेमिस्टरांच्या गुणांची सरासरी. यावर फार लिहिण्यासारखं नाही. बहुतेक मोठ्या कंपन्या दहावी, बारावी किंवा डिप्लोमा, आणि डिग्री या तिन्हींत साधारण ६० टक्के मागतात, आणि लाइव्ह, म्हणजे अजून न सुटलेली, केटी चालवून घेत नाहीत. सुटलेली केटी बऱ्याच ठिकाणी चालते. तेव्हा पाचव्या सेमिस्टरची केटी लोंबकळत ठेवून कोडिंगचा कोर्स लावणं म्हणजे दाराला कुलूप असताना घर सजवणं. ६० ची रेषा ओलांडली की मात्र साडेसात आणि आठ यांतला फरक मुलाखतीत क्वचितच कुणी विचारतो. तिथून पुढचे तास प्रोजेक्टला द्या.

प्रोजेक्ट: इथे वेळ घालवा

मुलाखतीत निकाल लागतो तो बहुतेक वेळा इथेच. मुंबईत हा प्रकार कसा चालतो ते आपल्याला ठाऊक आहे. चौघांचा ग्रुप, त्यात काम करणारा एक. कुठल्यातरी क्लासकडून किंवा लॅमिंग्टन रोडच्या दुकानातून तयार किट, इंटरनेटवरून उतरवलेला कोड, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री झेरॉक्सवाल्याकडे बांधायला टाकलेली ब्लॅक बुक, म्हणजे प्रोजेक्टचा अहवाल. व्हायवा त्यावर निभावतो. मुलाखत निभावत नाही, कारण समोरचा माणूस दुसऱ्याच प्रश्नाला विचारतो, 'हेच का वापरलं?'

'फेस रेकग्निशनने हजेरी' हा प्रोजेक्ट मी इतक्या रेझ्युमेंवर पाहिला आहे की नाव वाचूनच प्रश्न तयार असतात. वर्गात उजेड कमी असला तर काय होतं? फोटो दाखवून कुणी फसवलं तर? साठ मुलांच्या वर्गात एक हजेरी घ्यायला किती वेळ लागला, मोजला का? ज्याने स्वतः केलेलं असतं तो हसतो आणि कुठे कुठे फसलं ते सांगायला लागतो. तिथे त्याची निवड जवळपास झालेली असते.

विषय मोठा नको, खरा हवा. काकांच्या वर्कशॉपमध्ये यंत्रावर जॉब (घडवायचा तुकडा) लावायला वेळ जातो, तर तो जागच्या जागी धरून ठेवणारं फिक्स्चर डिझाइन करा. आधी आणि नंतर लागलेली मिनिटं घड्याळ लावून मोजा. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीची मोटर रोज कुणीतरी बंद करायला विसरतं, तर लेव्हल सेन्सर आणि कंट्रोलर लावून महिनाभर प्रत्यक्ष चालवा आणि पावसात सेन्सर का बिघडला ते लिहून ठेवा. कॉम्प्युटरवाल्यांनी असं काही बनवावं जे दहा माणसं खरंच वापरतील: कॉलेजच्या लायब्ररीसाठी, बचत गटाच्या हिशेबासाठी, गणपती मंडळाच्या वर्गणीसाठी. दहा खऱ्या वापरकर्त्यांच्या तक्रारी शिकवतात ते कुठल्याही ऑनलाइन सर्टिफिकेटात नसतं. सर्टिफिकेटांबद्दल माझं मत तसंही फारसं चांगलं नाही; एखादं ठीक, बारा असली की संशय येतो.

सिव्हिलच्या मुलांना तर मुंबई हीच प्रयोगशाळा आहे. २१.८ किलोमीटरचा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. आरे ते कफ परेड मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण धावू लागली. तिचे बोगदे १७ टनेल बोरिंग मशिन लावून खणले, पण गिरगाव-काळबादेवीच्या दाट वस्तीत स्टेशनांसाठी एनएटीएम (टप्प्याटप्प्याने खणत लगेच आधार देत जाण्याची) पद्धतही वापरावी लागली. का वापरावी लागली, हा प्रश्न बांधकाम कंपनीच्या मुलाखतीत सहज येऊ शकतो. उत्तर देणारा मुलगा आयएस ४५६, म्हणजे काँक्रीट बांधकामाचं भारतीय मानक, पाठ म्हणणाऱ्यापेक्षा लक्षात राहतो. अर्थात आयएस ४५६ ही यायलाच हवं, आणि काँक्रीटची ताकद २८ दिवसांचीच का धरतात हेही.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांनी उगाच कमीपणा घेऊ नये. लेथवर, पॅनेलवर, साइटवर तुमचा हात बसलेला असतो. कोअर कंपनीत, म्हणजे तुमच्या शाखेचंच काम करणाऱ्या कंपनीत, ते लगेच दिसतं. गणित मात्र घासून घ्या.

रेझ्युमे

एक पान. वर नाव, फोन, नावाचाच साधा ईमेल. मग शिक्षण, मग प्रोजेक्ट, मग येणारी साधनं. वडिलांचं नाव, धर्म, 'छंद: गाणी ऐकणं' हे सगळं काढून टाका. प्रत्येक प्रोजेक्टखाली दोन ओळी: काय बनवलं आणि त्याने काय बदललं, शक्यतो आकड्यात. चौघांचा प्रोजेक्ट असेल तर तुमचा वाटा कोणता ते स्पष्ट लिहा.

यापुढचा नियम एकच: ज्यावर दहा मिनिटं बोलता येणार नाही तो शब्द रेझ्युमेवर ठेवायचा नाही. 'मशीन लर्निंग' लिहिलं असेल तर ओव्हरफिटिंग विचारलं जाणार. 'सॉलिडवर्क्स' लिहिलं असेल तर एखादा ड्रॉइंगचा कागद पुढे सरकवून टॉलरन्स वाचायला सांगतील. एखादी गोष्ट फक्त ऐकून माहीत असेल, तर ती गाळल्याने नुकसान होत नाही, लिहिल्याने होतं.

ऑनलाइन टेस्ट

पहिली गळती इथे होते आणि ती सगळ्यात टाळता येण्यासारखी आहे. अ‍ॅप्टिट्यूडमध्ये शेकडेवारी, काळ-काम-वेग, संभाव्यता, तर्क. बारावीपर्यंतचंच गणित, फक्त घड्याळ लावून. रोज अर्धा तास, तोही लोकलमध्ये बसायला मिळालं तर, तीन महिने पुरे. सॉफ्टवेअरसाठी त्याबरोबर कोडिंग: अ‍ॅरे, स्ट्रिंग, हॅशिंग, लिंक्ड लिस्ट, ट्री, ग्राफ, आणि शेवटी डायनॅमिक प्रोग्रॅमिंग. एकच भाषा धरा. सोडवलेल्या गणितांची संख्या मिरवण्यापेक्षा अडलेलं गणित आठवड्याने पुन्हा कोऱ्या स्क्रीनवर सोडवून बघा.

या टेस्टचे गुण फक्त आत-बाहेर ठरवत नाहीत. टीसीएसच्या एनक्यूटी या भरती परीक्षेतून निन्जा, डिजिटल आणि प्राइम अशा तीन पातळ्यांवर भरती होते, आणि खालच्या-वरच्या पातळीच्या पगारात दुपटीहून जास्त फरक असतो. कंपनी तीच, कॉलेज तेच. फरक टेस्ट आणि मुलाखतीचा.

दुसऱ्या कॉलेजात किंवा सेंटरवर पूल ड्राइव्ह (अनेक कॉलेजांची एकत्र भरती) असेल तर तो बऱ्याचदा शनिवार-रविवारी ठेवतात. रविवारी निघण्याआधी मेगाब्लॉक कुठे आहे ते बघा, आणि इस्त्रीचा शर्ट अंगात न घालता बॅगेत न्या.

मुलाखत, आणि इंग्रजीची भीती

मराठी माध्यमातून आलेली मुलं इंग्रजीला जितकं घाबरतात तितकं घाबरायचं कारण नाही. समोरच्याला व्याकरण तपासायचं नसतं, तुम्ही विचार कसा करता ते ऐकायचं असतं. छोटी वाक्यं बोला. अडलं तर कागद मागून आकृती काढा; इंजिनिअरला ते शोभतं. मात्र सराव मोठ्याने करा, मनात नाही. स्वतःचा प्रोजेक्ट इंग्रजीत दोन मिनिटांत सांगतानाचं रेकॉर्डिंग फोनवर करून ऐका. पहिल्यांदा ऐकवत नाही. पाच-सहा वेळा झालं की वाक्यं आपोआप जागेवर बसतात. एखाद्या मित्राला किंवा सिनिअर ताईला मुलाखत घेणारं बनवा आणि 'का?' असं सलग तीनदा विचारायला सांगा.

मूळ विषय अगदी पक्के हवेत. कॉम्प्युटर-आयटीला डीबीएमएस, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क्स. मेकॅनिकलला थर्मो, स्ट्रेंथ, मॅन्युफॅक्चरिंग. इलेक्ट्रिकलला ट्रान्सफॉर्मर, इंडक्शन मोटर, प्रोटेक्शन. त्यातलेही आवडते दोन विषय असे तयार ठेवा की मुलाखत घेणाऱ्याने 'तुझा आवडता विषय कोणता?' म्हटलं की तुम्ही त्याला तिकडे नेऊ शकाल. हा प्रश्न वारंवार येतो आणि 'सगळेच' हे उत्तर त्याहून वारंवार.

माहीत नसेल तर 'माहीत नाही, पण असं असावं असं वाटतं' म्हणून तर्क मांडा. थापा लगेच पकडल्या जातात.

कॅम्पसबाहेरचे दरवाजे

कॉलेजात हवी ती कंपनी येतच नसेल तर तिथल्या कामाच्या माणसापर्यंत पोहोचा. तुमच्याच कॉलेजातून पाच-सहा वर्षांपूर्वी पास झालेले लोक लिंक्डइनवर सापडतात. 'सर, जॉब आहे का?' हा मेसेज कुणी वाचत नाही. 'तुमच्या टीममध्ये अमुक काम चालतं असं वाचलं, मी त्याच्या जवळचं हे बनवलं आहे, पंधरा मिनिटं बोलता येईल का?' याला उत्तर येण्याची शक्यता बरी. रेफरलने, म्हणजे आतल्या माणसाने नाव सुचवल्याने, दार उघडतं. पुढची परीक्षा सगळ्यांसारखीच.

सरकारी क्षेत्रात जायचं असेल तर गेट ही देशपातळीवरची परीक्षा तिसऱ्या वर्षातही देता येते: तीन तास, १०० गुण. एनपीसीआयएलसारख्या (अणुवीज बनवणाऱ्या) सरकारी कंपन्या गेटच्या स्कोअरवर प्रशिक्षणार्थी घेतात. बीएआरसीच्या (भाभा अणुसंशोधन केंद्राच्या) वर्षभराच्या प्रशिक्षणाला गेटचा स्कोअर चालतो, मुलाखत मात्र कसून घेतात. महापालिकेत कनिष्ठ आणि दुय्यम अभियंत्यांची भरती निघते, पण ती कधी निघेल यावर आयुष्याचं वेळापत्रक बांधू नका.

अप्रेंटिसशिपकडे मुलं नाक मुरडतात. मला ते पटत नाही. केंद्र सरकारच्या नॅट्स या अप्रेंटिसशिपच्या पोर्टलवर नोंदणी करून पदवीधर अप्रेंटिस म्हणून एक वर्ष मिळतं. पश्चिम विभागाचं मंडळ आपल्याच सायनला आहे. माझगाव डॉकही पदवीधर अप्रेंटिस घेतं. विद्यावेतन थोडं असतं आणि नोकरीची हमी नसते. पण कोअर शाखेच्या मुलाला जहाजबांधणीच्या यार्डात काढलेलं एक वर्ष रेझ्युमेवर दाखवता येतं, घरी बसून काढलेलं येत नाही.

आणि पैसे मागणारा दरवाजा उघडूच नका. 'बॅकडोअर एंट्री', 'सिक्युरिटी डिपॉझिट', 'ट्रेनिंगची फी भरा, मग जॉइनिंग' हे अंधेरीपासून ठाण्यापर्यंत चकचकीत ऑफिसं थाटून चालतं. ऑफर लेटरचा ईमेल कंपनीच्या स्वतःच्या पत्त्यावरून आला आहे का ते बघा आणि कंपनीच्या वेबसाइटवरचा नंबर शोधून फोन करा. ऑनलाइन पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

ऑफर लेटर वाचताना

समजा पॅकेज ६ लाख आहे. १२ ने भागून 'महिना पन्नास हजार' असं घरी सांगून टाकू नका. त्यात ६० हजार व्हेरिएबल असेल, तर ते वर्षाअखेर आणि कामगिरीवर. कंपनीच्या वाट्याचा पीएफ महिना १५ हजारांच्या मर्यादेवर १२ टक्के धरला तर वर्षाला २१,६००. बेसिक, म्हणजे मूळ पगार, महिना २५ हजार असेल तर ग्रॅच्युइटीपोटी (नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेपोटी) ४.८१ टक्क्यांनी १४,४३०. विम्याचा हप्ता ६ हजार धरू. उरले ४,९७,९७०, म्हणजे महिना साडेएकेचाळीस हजार. त्यातून तुमचा पीएफ १,८०० आणि राज्याचा व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००) गेला की खात्यात येतात सुमारे साडेएकोणचाळीस. आयकराची काळजी या पगारावर नाही. नव्या कररचनेत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेटमुळे कर लागत नाही. जॉइनिंग बोनस पॅकेजमध्ये धरला आहे का तेही बघा, कारण तो दुसऱ्या वर्षी नसतो.

बाँड, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडल्यास पैसे भरण्याचा करार, असेल तर मुदत, रक्कम आणि ती कशापोटी आहे हे वाचा. 'बाँड कोर्टात टिकत नाही' असं सिनिअर्स छातीठोकपणे सांगतात. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांपूर्वी सोडल्यास २ लाख भरण्याची अट वैध ठरवली आहे, तेव्हा त्या भरवशावर सही नको. मूळ सर्टिफिकेटं जमा करून घेणाऱ्या कंपनीला मी तरी नाही म्हणेन.

ऑफर ते जॉइनिंग

हा काळ सहा महिन्यांपासून वर्षभरापर्यंत लांबू शकतो, आणि मंदी आली की तारखा पुढे ढकलल्या जातात. जूनमध्ये एचआरला सभ्य ईमेल टाकून तारीख विचारा, उत्तर टाळाटाळीचं असेल तर बाहेर अर्ज सुरू करा. त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. ऑफर बहुतेक वेळा शेवटच्या सेमिस्टरमध्ये केटी न लागण्याच्या अटीवर असते, म्हणून आठव्या सेमिस्टरला सैल सोडू नका.

मधल्या वेळात कागद नीट करा. सर्व सेमिस्टरच्या मार्कशीट, प्रोव्हिजनल सर्टिफिकेट, पॅन, आधार, बँक खातं. सगळ्यांवर नाव एकाच पद्धतीने हवं. आपल्याकडे एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर वडिलांचं नाव मध्ये, तिसऱ्यावर आईचंही नाव, असा गोंधळ घरोघरी असतो, आणि बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनला तो नेमका अडतो. आधार किंवा पॅनवरची दुरुस्ती आठवड्यांत होते, विद्यापीठाच्या मार्कशीटवरची महिन्यांत. आधी मार्कशीटचा अर्ज टाका.